तांबड्या पॉपलीनमधली पुस्तकं

गेल्या महिन्यात शहाद्याला माझा सत्कार होता. तिथे मी एका सभ्य गृहस्थांचा चारचौघांत अपमान केला. तो मला करायचाच होता, त्यामुळे इथे दिलगिरी वगैरे व्यक्त करणार नाही. कार्यक्रम संपल्यावर सही घ्यायला रांग लागली होती. त्या रांगेत हे निवृत्त मास्तर उभे होते, कडक इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी माझी पहिली कादंबरी काढली. तिला खाकी कागदाचं कव्हर, त्यावर प्लास्टिकचं कव्हर आणि चारही कडांना चिकटपट्टी. "ताई, बारा वरीस व्हई गयात," ते कौतुकाने म्हणाले, "पुस्तक जशानं तसं शे. एक घडी पडू दिधी नही. कोणाले हातबी लावू देत नही." मी विचारलं, "मग सांगा बरं दादा, शेवटी काय होतं?" ते हसले. म्हणाले, "वाचानं ऱ्हायनं आजून. सवडच मियनी नही." मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, नखाने चिकटपट्टी उचकटली, प्लास्टिक टराटरा फाडलं, खाकी कागद फाडला, मधोमध उघडून पुस्तकाचा कणा कडकन मोडला आणि म्हटलं, "घ्या, आता वाचता येईल." संयोजक खजील झाले. गाडीत बसताना संयोजकांच्या सौभाग्यवती हलक्या आवाजात कुणाला तरी सांगत होत्या, मॅडमची शुगर कमी झाली असेल. शुगर माझी उत्तम आहे. तो राग फार जुना आहे आणि त्या बिचाऱ्या मास्तरांवर तो नव्हताही. तो अक्कलकुव्याच्या आमच्या घरातला आहे.

अक्कलकुव्याला आमचं कापडाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक जाड पडदा. पडद्याच्या अलीकडे मारवाडी आणि पलीकडे गुजराती, अहिराणी, भिलोरी, ज्याला जी समजेल ती. माझे वडील, बाबूजी, या सगळ्या भाषा सारख्याच सफाईने बोलायचे. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं उतरायची, बायका गादीवर टेकायच्या आणि प्रत्येक थान दोन बोटांत धरून चुरगाळून बघायच्या. बाबूजी कात्रीने काठाला एक चीर द्यायचे आणि मग दोन्ही हातांनी कापड फाडायचे. त्या आवाजावरून मी आत स्वयंपाकघरात बसून सांगायचे, हे मांजरपाट, हे पॉपलीन. आत माझी आई, तिला आम्ही बाई म्हणायचो, तव्यावर खाकरा टाकून वरून फडक्याच्या बोळ्याने दाबत असायची. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, त्यामुळे संध्याकाळी घरात एकच धांदल. गट्ट्यांची भाजी, बाजरीची भाकरी, वर तुपाची धार, आणि बाहेर गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न. दिवस कलला की पडदा बाजूला सारून बाबूजी विचारायचे, "हुयो कांई?" बाई म्हणायची, "हुयो," झालं. लहानपण म्हटलं की मला हे दोन शब्द आठवतात आणि भूक लागते.

घरात सत्ता मात्र भुवाची. भुवा म्हणजे बाबूजींची थोरली बहीण, ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परतलेली. पुस्तकांचं काचेचं कपाट तिच्या ताब्यात होतं आणि किल्ली तिच्या कमरेला. आम्हा जैनांत दिवाळीनंतरच्या पंचमीला, ज्ञानपंचमीला, पुस्तकांची पूजा होते. सगळी पुस्तकं बाहेर काढायची, झटकायची, त्यांना नवं वस्त्र घालायचं, चंदनाची पूड, म्हणजे वासक्षेप, चिमटीने वर टाकायचा आणि हात जोडायचे. पुस्तकाचा अनादर म्हणजे आशातना. पाय लागला, थुंकी लावून पान उलटलं, उष्ट्या हाताने धरलं, की पाप लागायचं. इथपर्यंत मला आजही काही वाईट दिसत नाही. पण धर्माने सांगितलेल्यावर भुवाचं समाधान नव्हतं. तिने घरातल्या एकूण एक पुस्तकाला, मग ते स्तवनांचं असो की माझं भूगोलाचं, तांबड्या पॉपलीनचं वेष्टन शिवलं होतं. एकाच थानाचं कापड, एकाच रंगाचा दोरा, कडेने बारीक धावदोरा, आणि वरून नाडी. कपाट उघडलं की आत तांबड्या विटा रचल्यासारख्या दिसायच्या. कुठलं पुस्तक कुठलं, हे कुणालाच कळत नसे. तशी गरजही पडत नसे, कारण ती कुणी वाचतच नव्हतं. आणि भुवाला तर वाचताच येत नव्हतं. तिला शाळेत कुणी घातलंच नाही. स्तवनं तिला तोंडपाठ होती, पुस्तक नुसतं समोर धरायची, पानं अंदाजाने उलटायची. माझी सारी चीड तिच्यावर काढावी म्हटलं की हे आठवतं आणि हात थांबतो. तिला अक्षर दिलं नाही, राखण दिली. मग तिने राखणच केली.

मी नववीत जाण्याआधी माझ्या मामांनी धुळ्याहून मला एक कादंबरी आणून दिली. घरात आलेलं ते पहिलं पुस्तक, ज्यात ना धर्म होता ना परीक्षा. तिच्या मुखपृष्ठावर विहिरीच्या काठावर वाकलेली एक बाई होती. पाठमोरी होती, पण तिचा चेहरा खाली पाण्यात दिसत होता. तो चेहरा हसतो आहे की रडतो आहे, हे मी दिवसभर बघत बसले, पुस्तक उलटं धरून बघितलं, आरशात धरून बघितलं. संध्याकाळपर्यंत भुवाने त्याला पॉपलीन चढवलं. "छोरी, मैलो हू जावे," ती म्हणाली, आणि विहिरीवरची बाई धावदोऱ्याच्या आत गेली. लोक मला विचारतात, मॅडम, तुम्ही मुखपृष्ठांबद्दल इतक्या हट्टी का? चित्रकाराशी भांडता, प्रकाशकाशी भांडता. हट्टी नसेन तर काय! ते चित्र मला एक दिवस मिळालं होतं.

रुमली माझ्या वर्गात होती. डोंगरातल्या एका पाड्यावरची, मुलींच्या वसतिगृहात राहायची. तिची घरची भाषा वेगळी, शाळेतली मराठी ती नवे कपडे घातल्यासारखी जपून बोलायची, पण बोलायची ते नेमकं. परीक्षेनंतरच्या सुट्टीला ती गावी निघाली तेव्हा मी ती कादंबरी ओढणीखाली लपवून तिला नेऊन दिली. तिने वेष्टन हातात फिरवून बघितलं. "ह्याला असं गुंडाळलं कशाला?" तिने विचारलं. "थंडी वाजते का त्याला?" मी तिला शहाण्यासारखं सांगितलं, पान दुमडू नको, तेलाचा हात लावू नको, जमिनीवर ठेवू नको. चौदा वर्षांची मी, भुवाचं तोंड घेऊन बोलत होते.

जूनमध्ये पुस्तक परत आलं. रुमलीने वेष्टन उसवून चित्र बघितलं होतं आणि परत काळ्या दोऱ्याने शिवलं होतं. आत धुराचा आणि मोहाच्या बियांच्या तेलाचा वास, दोन पानांवर तेलाची बोटं. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली. "मी एकटीने नाही वाचलं. संध्याकाळी चुलीपुढे बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. मराठीत वाचायचं, मग आमच्यात सांगायचं. आजी विचारायची, पुढे काय? मी म्हणायची, उद्या. ती म्हणायची, उद्याचं कोणी बघितलं, आजच सांग. शेजारचे पण यायला लागले. ते तेल आजीचं आहे. ती बाई विहिरीत बघते ना, आजीने तिच्या तोंडावरून हात फिरवला." मी ऐकत राहिले. आमच्या कपाटातल्या सगळ्या पुस्तकांना मिळून इतकं प्रेम मिळालं नव्हतं. आणि त्या दिवशी घरी जाऊन मी काय केलं? काळा दोरा उसवला आणि तांबड्या दोऱ्याने, भुवासारखाच बारीक धावदोरा घालून, वेष्टन परत शिवलं. कुणाला काही कळू नये म्हणून. शिवण मला चांगली येत होती.

नवरात्र संपल्यावर रुमलीने मला एक जाड वही दिली. शाई फुटलेली, कोपरे वळलेले, मोहाच्या तेलाचा तोच वास, पहिल्या पानावर बॉलपेनने काढलेलं झाड. "तुझी कादंबरी वाचल्यावर मला पण वाटलं," ती म्हणाली. "पावसाळाभर लिहिलं. आमच्या पाड्याची गोष्ट आहे. थोडी मराठी, थोडी आमची. मोठी आहे. तू वाच आणि खरं सांग." आणखी कुठे प्रत नव्हती, असायचा प्रश्नच नव्हता. मी वही छातीशी धरून घरी आले. दुकानातून तांबड्या पॉपलीनचा तुकडा मागून घेतला, इतकी नीट शिवली की भुवानेही शाबासकी दिली असती, आणि कपाटात नेऊन कादंबरीशेजारी ठेवली. लपवायला त्याहून चांगली जागा घरात नव्हती. दोन्हींची जाडी, उंची जवळजवळ सारखी.

मध्येच सांगते, नाहीतर राहून जाईल. माझ्या तिसऱ्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर प्रकाशकाने एक डोंगरातली बाई छापली. कानात चांदी, गळ्यात चांदी, डोक्यावर मोळी, आणि पाठीमागे उगवता सूर्य. कादंबरीत अशी बाई नाही, मोळीही नाही. कादंबरी नंदुरबारच्या एका लॉजवर घडते. मी फोन केला तर म्हणाला, "ताई, तुमच्या भागाचं आहे ना, लोकांना ओळखू यायला हवं." मी म्हटलं, माझ्या भागातल्या बाईचा फोटो लावता, मग माझ्या भागातल्या बाईने लिहिलेलं किती छापलंत आजवर? तो म्हणाला, तसं कुणी लिहीत नाही हो. मी फोन आपटला. लिहीत होती. पावसाळाभर लिहीत होती.

ज्ञानपंचमीला घरात शिऱ्याचा वास होता. पाटावर पुस्तकं मांडलेली, भुवा एकेक उचलून झटकायची, डोळ्यांना लावायची, परत ठेवायची. एका पुस्तकाशी ती थांबली. मग नाकाशी नेलं. "आ किताब कठे गई ही?" तिने विचारलं. कादंबरी जूनपासून कपाटातल्या डांबरगोळ्यांत पडली होती, तिचा वास कधीच उडाला होता. वहीचा वास ताजा होता. पण हे मला आज कळतं. त्या क्षणी भुवाच्या हातात एक तांबडी वीट होती, आणि मी गृहीत धरलं की कादंबरीच सापडली. मी खरं सांगून टाकलं. रुमलीला वाचायला दिली होती म्हणाले. भुवा पाटापुढून उठली. "बठे चूला पर कांई कांई चढे, तने ठा है?" त्या चुलीवर मांस शिजतं, असं तिला म्हणायचं होतं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "ज्ञान री आशातना करी छोरी थें." बाबूजी पडद्याजवळ येऊन उभे राहिले होते. दिवसभर डोंगरातल्या बाईला "बेन, ये, बस" म्हणणारा हा माणूस खाली बघत होता. ज्या थानाचं ते वेष्टन होतं, त्या थानाला आठवडाभर त्याच डोंगरातल्या पन्नास बायकांचे हात लागले होते. ते चाललं होतं, पवित्र झालं होतं, पुस्तकावर चढलं होतं. एका मुलीने तेच पुस्तक चुलीपुढे वाचलं तेवढं चाललं नाही.

पुढे मोठी झाल्यावर चातुर्मासाला आलेल्या एका वृद्ध साध्वीजींना मी हे सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, दुसऱ्याला ज्ञान मिळताना आडवं येणं, ही सगळ्यात मोठी आशातना. हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते जिथे लिहिलं होतं ते पुस्तकही पॉपलीनमध्ये शिवलेलं होतं.

भुवाने ते पुस्तक बाकीच्यांतून वेगळं काढलं आणि फाटक्या पंचांगांबरोबर पत्र्याच्या डब्यात घातलं. जुन्या, खराब झालेल्या पुस्तकांची आमच्याकडे रद्दी करत नसत, वाहत्या पाण्यात सोडत. मार्गशीर्षात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, तिथे बाबूजी कापडविक्रीचा तंबू लावायचे. तेव्हा डबा तापीत रिकामा करायचा ठरलं. माझा कपाटाला हात लावायचा हक्क गेला. मी दोन दिवस रडले, कादंबरीसाठी. मग मनाशी म्हटलं, जाऊ दे, वही तरी वाचली. महिनाभर तो डबा पलंगाखाली होता. मला उघडून बघता आला असता. एक टाका उसवला असता तरी पुरलं असतं. पण परत चौकशी होईल, दुसरीही सापडेल, या भीतीने मी त्या डब्याच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही.

दिवाळीची सुट्टी संपवून रुमली परत आली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "वाचलीस?" मी म्हटलं, "थोडी राहिली आहे."

बाबूजी यात्रेवरून आले तेव्हा खूश होते. घोडे कसे नाचवले ते हातवारे करून सांगितलं, गोडीशेव आणली होती ती सगळ्यांना वाटली. मग भुवाला म्हणाले, "तापीमाय में पधराय दियो. पुलिया पर ऊभो रह्यो, हाथ जोड्या, पछे छोड्यो." भुवानेही हात जोडले. मीसुद्धा जोडले असतील, घरातली रीतच होती.

त्यानंतर आठवड्याभराने रुमली धावत आली. शाळेचं हस्तलिखित मासिक निघणार होतं आणि मराठीच्या सरांनी तिला सांगितलं होतं, तू लिहितेस ना, आण बघू. "वही दे," ती म्हणाली. मी घरी जाऊन बाईला सगळं सांगितलं.  भुवा देरासरात, म्हणजे मंदिरात, जाताना किल्ली खुंटीला ठेवायची. ती गेल्यावर बाईने किल्ली घेऊन कपाट उघडलं आणि दाराशी लक्ष ठेवत उभी राहिली. दुसऱ्या फळीवर माझ्या हातचा धावदोरा मला सापडला. मी दाताने दोरा तोडला, पॉपलीन बाजूला केलं. आतून विहिरीवर वाकलेली बाई बाहेर आली. कित्येक महिने जिला बघायला मी तळमळत होते ती माझ्या मांडीवर होती, आणि मला तिचा चेहराच दिसेना. मी एकेक करून अख्खी फळी उसवली. दाराशी उभी असलेली आई मला थांबवत नव्हती. स्तवनं निघाली, भूगोल निघाला, कुणाची तरी लग्नपत्रिका निघाली. वही नव्हती.

चिडायला माणसं खूप आहेत. भुवा आहे, पडद्याशी खाली बघणारे बाबूजी आहेत, पुलावर हात जोडून वही सोडणारी ती सगळी भक्ती आहे. मी त्यांच्यावर चाळीस वर्षं चिडले, त्यांच्यावर दोन कादंबऱ्या लिहिल्या, बक्षिसं घेतली. पण एक गोष्ट कुठेच लिहिली नाही, ती आता या वयात लिहिते. नवरात्रीपासून पंचमीपर्यंत ती वही तीन आठवडे माझ्या हातात होती. भुवा देरासरात गेली की किल्ली तेव्हाही खुंटीवरच असायची. मी वही शिवली, नाडी बांधली, डोळ्यांना लावली. उघडली नाही. दिवाळीचं काम होतं, दुकानात गर्दी होती, ही कारणं खोटी नाहीत. पण त्यांच्या खाली एक खरं कारण होतं. रुमली काय लिहिणार, असं मला वाटलं होतं. तिला पुस्तक देणारी मी, पुस्तक कसं धरायचं ते तिला शिकवणारी मी. तिच्याकडून घेण्यासारखं काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वसतिगृहाच्या हापशापाशी मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, भुवा, डबा, तापी. ती बादली भरत होती. तिने दांडा मारायचा थांबवला नाही. बादली भरली, वाहायला लागली, तरी मारत राहिली. मग थांबली. रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मी वाट बघत होते, तिने एक थोबाडीत द्यावी आणि मी मोकळी व्हावी.

"तू वाचली होतीस ना पण?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "तू वाचली असशील तर मी परत लिहू शकते. मला सगळं नाही आठवत, पण तू सांगितलंस तर आठवेल. वाचलीस ना?"

"हो," मी म्हणाले.

तिने ओले हात परकराला पुसले आणि हापशाच्या कट्ट्यावर माझ्यासाठी जागा करून बसली.

"मग सांग," ती म्हणाली. "शेवटी काय होतं?"